यवतेश्वर घाट पळून उतरायचाय? मग तयारी या क्रमाने करा

ऑगस्टच्या मध्यावर मला दरवर्षी एकाच प्रकारचे फोन येतात. "काका, परवा घाट चढलो, दमसुद्धा फारसा लागला नाही. पण कालपासून जिना उतरताना गुडघ्याच्या बाहेरून कळ येतेय. स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय, काय करू?" खरं सांगायचं तर तेव्हा करण्यासारखं फार उरलेलं नसतं. करायचं ते मे-जूनमध्ये होतं.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे याच घाटातली स्पर्धा, २१ किलोमीटरची. ढोबळमानाने निम्मी चढण, निम्मी उतरण. तयारी मात्र सगळे चढणीचीच करतात, कारण दम चढताना लागतो आणि भीती दमाची असते. दुखापती बहुतेक उतारावर होतात. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन धरून ठेवतो, म्हणजे त्याला प्रत्येक पावलाला ब्रेकचं काम करावं लागतं. उसाची ट्रॉली घाटातून उतरवणाऱ्या ड्रायव्हरला विचारा, इंजिन चांगलं आहे म्हणून तो ब्रेक न बघता निघेल का?

दुसरी चूक क्रमाची. पळायला लागलं की तीन-चार आठवड्यांत दम सुधारतो आणि आपण तयार झालो असं वाटायला लागतं. हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या त्या चिवट दोऱ्या) यांना महिने लागतात. छाती 'चल' म्हणते आणि नडगी तयार नसते, त्या मधल्या काळात माणूस घाटात जातो. मीही गेलो होतो. एकेचाळिसाव्या वर्षी, पळायला लागून जेमतेम तिसरा आठवडा झालेला असताना घाट चढलो आणि खुशीत येऊन सुसाट उतरलो. पुढचे दोन महिने जिन्याचा कठडा धरून काढले.

खालचा क्रम सोळा आठवड्यांचा आहे. स्पर्धा सप्टेंबरच्या सुरुवातीला धरली तर मेच्या मध्यावर सुरुवात करायची. अर्धा तास सलग झपाझप चालताही येत नसेल तर गुढीपाडव्यालाच लागा आणि पहिले आठ आठवडे फक्त चाला. स्पर्धेत उतरायचं नसेल, नुसतं अजिंक्यतारा, सज्जनगड, जरंडेश्वर किंवा वासोटा करायचा असेल, तरी क्रम हाच ठेवा आणि अंतर कमी करा.

## टप्पा १ : बूट घालण्याआधीची तपासणी

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा चढताना छातीत दाबल्यासारखं होत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. चक्कर येत असेल तरीही. बायकांनी, आणि कायम थकवा असलेल्या कुणीही, हिमोग्लोबिन बघून घ्यावं. ते कमी असेल तर तुम्ही कितीही सराव करा, दम लागतच राहणार आणि दोष सरावाला जाणार.

मग घरीच या चार गोष्टी करून बघा. पायात काही घालू नका.

टाच उचलणे. भिंतीला एक बोट लावून एका पायावर उभे रहा. टाच पूर्ण वर, मग सावकाश खाली. प्रत्येक पायावर २० वेळा झालं पाहिजे. बाराव्याला टाच अर्धीच उठायला लागली तर तिथेच थांबा आणि आकडा लिहून ठेवा.

भिंतीला गुडघा. अंगठा भिंतीपासून अर्धी वीत दूर ठेवा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का ते बघा. टेकत नसेल तर घोटा आखडलेला आहे. एकाच पायाचा टेकत नसेल तर त्या पायाची जुनी मुरगळ आठवा. बहुतेक वेळा सापडते.

पायरी उतरणे. सहा-सात इंचाच्या पायरीवर एका पायावर उभे रहा आणि दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला टेकवून परत वर या. दहा वेळा. हे घरातल्या कुणालातरी समोरून मोबाइलवर शूट करायला सांगा, कारण आपला गुडघा आत वळतोय हे आपल्याला कळत नाही. व्हिडिओत गुडघा अंगठ्याच्या आत पडताना दिसला, की उतारावर काय होणार ते कळतं.

एका पायावर उभं राहणं. ३० सेकंद, हात न हलवता. हे सगळ्यांना सोपं वाटतं. दात घासताना करून बघा.

तपासा: चारपैकी दोन जमत नसतील तर टप्पा ३ चे पहिले तीन आठवडे पळणं नाही, फक्त चालणं.

बुटांबद्दल थोडक्यात. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. मला एका दुकानात "पायाला नीट बसलेत साहेब, सैल होतील" म्हणून घट्ट बूट दिले होते. घाट उतरताना बोटं पुढे आपटून दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि महिन्याभराने गळाली. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर साथ देतात. नवे बूट स्पर्धेच्या किमान चार आठवडे आधी घ्या.

## टप्पा २ : ताकद (पहिल्या आठवड्यापासून, आठवड्यातून दोनदा)

हा टप्पा सगळे वगळतात. जिमची गरज नाही. जिना, पाठीवरची सॅक आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन पुरतो. एका वेळेला २५ मिनिटं लागतात.

१. सावकाश पायरी उतरणे. टप्पा १ मधलीच परीक्षा आता व्यायाम म्हणून करायची. खाली जाताना मनात तीनपर्यंत मोजा. प्रत्येक पायाला ८ वेळा, तीन फेऱ्या. सोळा आठवड्यांत एकच व्यायाम होणार असेल तर हा करा.

२. टाच उचलणे, दोन प्रकारे. गुडघा सरळ ठेवून १५, गुडघा किंचित वाकवून १५. वाकवून केल्यावर पोटरीच्या आतल्या स्नायूवर भार येतो आणि पळताना बरंचसं काम तोच करतो. बहुतेकजण फक्त सरळ गुडघ्याने करतात.

३. एका पायावर वाकणे. हातात कॅन, पाठ सरळ, दुसरा पाय मागे जाऊ द्या. प्रत्येकी ८.

४. पूल. उताणे पडून गुडघे दुमडा, कंबर उचला, वर दोन सेकंद थांबा. १२ वेळा. सोपं झालं की एका पायाने.

५. कुशीवरची फळी. एका कोपरावर आणि पावलाच्या कडेवर शरीर सरळ उचलून धरा. प्रत्येक बाजूला २० ते ४० सेकंद.

दर दोन आठवड्यांनी भार वाढवा. सॅकमध्ये आधी दोन किलो ज्वारी, मग चार, मग पाच-सहा. शेवटची दोन-तीन वेळा जड गेली पाहिजेत. वीस वेळा आरामात होत असेल तर भार कमी पडतोय.

तालमीत घाम गाळलेली मंडळी इथे हसतात. "आम्ही पाचशे बैठका मारायचो, ज्वारीची पिशवी काय सांगतोस!" बैठकांबद्दल मला आदर आहे. पण त्या दोन्ही पायांवर, लयीत आणि भरभर होतात. उतारावर सगळं वजन एका क्षणाला एकाच पायावर येतं आणि ते सावकाश धरून ठेवावं लागतं. आमच्या गटातले एक दादा चांगले पैलवान होते. पायरी उतरण्याच्या परीक्षेत चौथ्याच वेळी त्यांचा डावा गुडघा आत वळला. व्हिडिओ तीनदा बघितला, मग काही न बोलता त्यांनी सॅक मागितली.

सावधान: ताकदीचा व्यायाम लांब धावेच्या आदल्या दिवशी करू नका. मंगळवार आणि गुरुवार बरे पडतात.

## टप्पा ३ : सपाटीवरची धाव (आठवडा १ ते ६)

साताऱ्यात सपाट रस्ता शोधायचा म्हणजे गंमतच. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे निघालात तरी नकळत उतारच लागतो. म्हणून पहिले सहा आठवडे मैदान धरा, शाहू स्टेडियम किंवा जवळचं कुठलंही. गोल फिरायचा कंटाळा येतो. येऊ द्या. फक्त दर दिवशी दिशा बदला, नाहीतर वळणावर कायम एकाच पायावर भार येतो.

आठवड्यातून तीन दिवस पळा, मध्ये एक दिवस सोडून. सुरुवातीला दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, असं अर्धा तास. सहाव्या आठवड्याच्या शेवटी सलग ८ किलोमीटर जमले म्हणजे झालं. वेगाचं माप सोपं ठेवा. पळता पळता घरी फोन लावून "दूध किती आणू, आणि कोथिंबीर आहे का?" हे एका दमात विचारता आलं पाहिजे. 'दूध' म्हटल्यावर धाप लागली तर वेग जास्त आहे. या टप्प्यात कुणाशी शर्यत लावू नका, घड्याळाशीही नाही.

अंतर थोडं थोडं वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला एक चतुर्थांश कमी करा. त्या हलक्या आठवड्यात शरीर आधीच्या तीन आठवड्यांची डागडुजी करतं. अंगात जोर आहे म्हणून तो वगळणारे पुढच्या आठवड्यात फोन करतात. रविवारची लांब धाव आठवड्याच्या एकूण अंतराच्या निम्म्याहून जास्त होऊ देऊ नका. आठवडाभर काही नाही आणि रविवारी एकदम १२ किलोमीटर, हा नोकरदारांचा लाडका प्रकार आहे, आणि नडगीच्या दुखण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

पळण्याआधी आठ-दहा मिनिटं अंग गरम करा. झपाझप चाला, भिंत धरून पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवा, लांब पावलं टाकत गुडघे वाकवत दहा पावलं जा, घोटे फिरवा आणि शेवटी ६०-७० मीटरच्या तीन-चार हलक्या धावा घ्या. सकाळी थंडगार अंगाने पायाचा अंगठा धरून मिनिटभर ताणत बसण्याची शाळेतली सवय असेल तर ती धावेनंतर करा. आधी तसं ताणल्याने दुखापत टळते असं दिसलेलं नाही.

मेमध्ये साडेपाचला बाहेर पडा, आठच्या आत घरी या. पाणी तहानेप्रमाणे प्या. तासाच्या आतल्या धावेला साधं पाणी पुरतं. त्याहून जास्त वेळ घाम गाळणार असाल तर ओआरएसचं पाकीट सांगितलेल्या मापाच्या पाण्यात घोळून न्या. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये घालणारे खूप आहेत, त्याने पोट बिघडतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. आणि तहान नसताना ढसाढसा पाणी पिऊ नका. अति पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं.

तपासा: सहाव्या आठवड्याच्या शेवटी टप्पा १ च्या चारही परीक्षा पुन्हा घ्या. एका पायावर टाच २० वेळा उचलता येत नसेल तर घाट दोन आठवडे पुढे ढकला. स्पर्धा चुकली तर चुकली.

## टप्पा ४ : चढ (आठवडा ७ ते १०)

जुलै. पाऊस लागलेला असतो, घाट हिरवा झालेला असतो, मन राहत नाही. आता चढायला लागा, पण फक्त चढा. खाली येताना गाडी.

हे मी सांगतो तेव्हा लोक वेड्यासारखे बघतात. पण चढ आणि उतार हे पायांसाठी वेगवेगळे भार आहेत आणि दोन्ही एकाच आठवड्यात सुरू केले तर दुखलं कशामुळे हेच कळत नाही. समर्थ मंदिराकडून वर निघा, यवतेश्वरला पोचा, तिथून कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून किंवा एसटीने खाली या. आमच्या गटात पाळीपाळीने एकजण स्कूटर घेऊन वर थांबतो आणि त्याच्याकडे थर्मासमध्ये चहा असतो. गाडीची सोय नसेल तर चालत उतरा, पळत नाही.

चढ आठवड्यातून एकदाच. पहिल्या वेळी पाच मिनिटं पळणं आणि दोन मिनिटं चालणं असं करा. पावलं आखूड ठेवा, कंबरेतून वाकू नका, घोट्यापासून सगळं अंग किंचित पुढे झुकू द्या. चढावर टाच नीट टेकत नाही, त्यामुळे पोटरी आणि टाचेमागची कंडरा ओढली जाते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर टाचेच्या वर ताठरल्यासारखं वाटलं आणि दहा मिनिटांत गेलं नाही, तर पुढचा आठवडा चढ बंद. टाच उचलण्याचा व्यायाम सावकाश चालू ठेवायचा.

बाकीचे दोन दिवस सपाटीवरच; आठवडा ९ आणि १० चे छोटे उतार टप्पा ५ मध्ये दिलेत. दहाव्या आठवड्यापर्यंत रविवारची धाव १२ किलोमीटरपर्यंत न्या.

सावधान, घाटातल्या पावसाबद्दल: रात्रभर जोराचा पाऊस झाला असेल तर सकाळी घाटात जाऊ नका. दरड आणि सुटे दगड पाऊस थांबल्यावरही येतात. धुक्यात गडद कपडे घालू नका, कंबरेला मागे लुकलुकणारा लाल दिवा लावा. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा. आंधळ्या वळणावर मात्र आतल्या कडेला चिकटू नका, वळण घेणाऱ्या गाडीला तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी दिसता. शनिवार-रविवारी कासला जाणारी गर्दी सुरू व्हायच्या आत खाली पोचलेले असा. कानात गाणी नकोत. गाडीचा हॉर्न आणि मागून येणारं कुत्रं, दोन्ही ऐकू यायला हवेत. कुत्रं अंगावर आलं तर पळणं थांबवून त्याच्याकडे तोंड करून उभे रहा आणि हळूहळू बाजूला सरका.

## टप्पा ५ : उतार (आठवडा ९ ते १४)

या लेखाचं खरं काम इथे आहे.

उताराची सवय लावण्यात एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. पहिल्यांदा उतार पळल्यावर मांड्या भरतात, दुसऱ्या दिवशी ठणकतात आणि बहुतेकांना दोन दिवसांनी सर्वांत जास्त दुखतं. पण त्याच स्नायूंना आठ-दहा दिवसांनी तसाच भार दिला तर दुखणं खूपच कमी होतं. एकदा बसलेला हा संस्कार काही आठवडे टिकतो. म्हणून उताराचा डोस लहान ठेवायचा, मध्ये पुरेसं अंतर सोडायचं आणि तो पुन्हा द्यायचा.

१. आठवडा ९. सौम्य उताराचा, कमी रहदारीचा ४०० मीटरचा तुकडा निवडा. चार वेळा पळत उतरा, वर जाताना चाला. दुसऱ्या दिवशी विश्रांती. माझ्या मते अजिंक्यताऱ्याच्या डांबरी रस्त्याचा खालचा भाग यासाठी ठीक आहे, पायऱ्या आणि पायवाट नको.

२. आठवडा १०. तोच तुकडा सहा वेळा.

३. आठवडा ११. एक किलोमीटरचा उतार, तीन वेळा.

४. आठवडा १२. हलका आठवडा, उतार नाही. हीच जागा लोक चुकतात. पाय आता दुखत नाहीत म्हणून त्याच आठवड्यात पूर्ण घाट उतरून येतात.

५. आठवडा १३. घाट पूर्ण चढायचा, उतरताना निम्मा पळत, निम्मा चालत.

६. आठवडा १४. पूर्ण चढ, पूर्ण उतार, एकूण १७ ते १८ किलोमीटर. स्पर्धेच्या वेगाने नाही. हा शेवटचा मोठा उतार, यानंतर स्पर्धेपर्यंत किमान दोन आठवडे मोकळे हवेत.

आता उतरायचं कसं. पाऊल शरीरापुढे लांब टाकून टाचेने ब्रेक मारणं ही सर्रास होणारी चूक आहे. घाटात समोरून येणारा माणूस दिसण्याआधी त्याच्या बुटांचा 'थाप्, थाप्' आवाज ऐकू येतो, तेव्हाच कळतं याचे गुडघे बोलणार. पावलं आखूड आणि भरभर टाका, म्हणजे पाऊल शरीराच्या खालीच पडतं. मिनिटाला किती पावलं पडतात ते एकदा मोजा आणि त्यात फक्त पाच ते दहा टक्के वाढवा. १६० असतील तर १७० च्या आसपास. एवढ्यानेही गुडघ्यावरचा भार कमी होतो. मागे रेलू नका. गुडघा कधीही ताठ नको. हात थोडे बाहेर, तोल सांभाळायला. नजर पायाशी नको, दहा-पंधरा फूट पुढे हवी. आणि आवाज ऐका. तुमची पावलं तुम्हालाच ऐकू येईनाशी झाली की उतरणं जमायला लागलं.

रस्त्याच्या कडा पाणी वाहून जाण्यासाठी उतरत्या असतात. तासभर एकाच कडेने पळालात तर एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो आणि मग एकाच गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते. रहदारी नसेल तिथे सपाट भाग धरा. ओला पांढरा पट्टा, शेवाळलेली कडा आणि पडलेली पानं यांवर पाय टाकू नका.

पाऊस असल्याने मोजे ओले राहणारच. बोटांच्या मध्ये, टाचेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन लावा. सुती मोजे घालू नका, ते पाणी धरून ठेवतात आणि फोड येतात. घरी आल्यावर बुटातले सोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला. हीटरसमोर किंवा गॅसजवळ बूट वाळवू नका.

सावधान, श्रावण आणि ढोल: याच टप्प्यात श्रावण येतो. शनिवारी दिवसभर साबुदाण्याच्या खिचडीवर राहून रविवारी पहाटे १५ किलोमीटरला निघणारे दरवर्षी असतात. घाट उतरताना थकलेला पाय नीट पडत नाही, मुरगळ तिथेच होते. उपवास मोडा असं मी म्हणणार नाही. त्या आठवड्यात लांब धाव गुरुवारी किंवा शुक्रवारी घ्या. तसंच गणपतीच्या ढोलपथकाचं. रात्री अकरापर्यंत कंबरेला ढोल बांधून उभं राहायचं आणि पहाटे पाचला घाट, हे शरीराला दोन वेगळे कार्यक्रम वाटत नाहीत. ढोलाच्या सरावाच्या दुसऱ्या दिवशी फक्त हलकी धाव, आणि सात तास झोप झाली नसेल तर तीही नको.

## मध्येच दुखलं तर : थांबायचं की चालू ठेवायचं

दुखण्याला मनात शून्य ते दहा असे गुण द्या. तीनपर्यंत असेल, पळताना वाढत नसेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मावळत असेल तर चालू ठेवा. चार-पाच असेल तर अंतर निम्मं करा, उतार बंद करा. त्याहून जास्त असेल, किंवा चाल लंगडी होत असेल, तर त्याच पावलाला थांबा. "आता घरापर्यंत तर पळतो" असं करू नका, रिक्षा करा. वेदनाशामक गोळी घेऊन तर पळूच नका. दुखणं लपतं, आणि अंगातलं पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात.

जागेवरून थोडा अंदाज येतो.

नडगीच्या आतल्या कडेला लांब पट्ट्यात दुखतंय: भार एकदम वाढलाय. एक-दोन आठवडे पळणं कमी करा. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर सणक जात असेल, रात्रीही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पळणं पूर्ण बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतरानंतर, उतारावर जास्त: ऑगस्टमधला फोन तो हाच. उतार बंद, सपाटीवर दुखणं सुरू व्हायच्या आतलं अंतर, आणि पूल, कुशीवरची फळी व पायरी उतरणे पुन्हा नियमित.

गुडघ्याच्या वाटीभोवती, जिना उतरताना किंवा बराच वेळ मांडी घालून बसून उठताना: साधारण तेच उपाय, शिवाय पावलं आखूड करा.

सकाळी पहिलं पाऊल टाकताच टाचेखाली कळ: घरात फरशीवर अनवाणी फिरणं थांबवा, मऊ चप्पल घाला, पोटरी आणि तळवा ताणा. हे बरं व्हायला वेळ लागतो, चिकाटी लागते.

घोटा मुरगळला: चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्हीपैकी कुठल्याही हाडाच्या मागच्या कडेला दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढा. नसेल तर पहिले दोन दिवस पाय उंच ठेवा, दाबपट्टी बांधा, थोडा थोडा बर्फ कपड्यातून लावा. सुजलेला घोटा चोळायला किंवा ओढून 'बसवून' घ्यायला कुणाकडे नेऊ नका. बसवायला काही सरकलेलंच नसतं, आणि हाड मोडलेलं असेल तर नुकसान वाढतं. बरा झाल्यावर दात घासताना एका पायावर उभं राहणं सुरू करा, एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला टपलेला असतो.

## टप्पा ६ : शेवटचे दोन आठवडे

अंतर आधी दोन तृतीयांश करा, शेवटच्या आठवड्यात एक तृतीयांश. ताकदीचा व्यायाम स्पर्धेच्या आठ दिवस आधी थांबवा. या दिवसांत उगाच कुठेतरी दुखल्यासारखं वाटतं, ते बहुधा मोकळ्या वेळाचं दुखणं असतं.

नवीन काही नाही. नवे मोजे नाहीत, नवी एनर्जी जेल (पळताना खायची गोड पेस्ट) नाही, मित्राने मुंबईहून आणलेली पट्टी नाही. आदल्या रात्री भात किंवा भाकरी, वरण, साधी भाजी. तिखट रस्सा आणि मिसळ स्पर्धेनंतर. सकाळी निघण्याच्या दोन तास आधी केळं आणि चहा-ब्रेड, किंवा जे रविवारच्या सरावात पचलंय तेच.

स्पर्धेचा दिवस. गर्दीत पहिले दोन किलोमीटर मागे रहा. चढ अर्ध्यावर आला की चालण्याची लाज बाळगू नका. वळल्यावर मात्र सांभाळा. सगळे सुटतात, ढोल वाजत असतो, मागून येणारा "चला काका!" म्हणत पुढे जातो. उताराच्या पहिल्या दोन किलोमीटरमध्ये ज्यांनी तुम्हाला मागे टाकलं, त्यांच्यातले बरेच खाली शहरात मांड्या धरून चालताना भेटतात. गोळा आला तर थांबा, पोटरी हळू ताणा, चाला. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा शेजारचा पळणारा बरळायला लागला, तर पळणं तिथेच संपलं. जवळच्या स्वयंसेवकाला सांगून रुग्णवाहिका बोलवा.

शर्यत संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला, ओले कपडे बदला, तासाभरात जेवा. पुढचे दोन-तीन दिवस मांड्या दुखणारच. पण लघवी कोका-कोलासारखी गडद झाली, किंवा मांड्या दगडासारख्या कडक होऊन सुजल्या, तर वाट न बघता दवाखान्यात जा, स्नायूंचं द्रव्य रक्तात उतरल्याची ती खूण असू शकते. बाकी पाच दिवस फक्त चालणं, मग सपाटीवर हलकी धाव. तीन आठवडे घाटातून पळत उतरायचं नाही, अगदी कासला फुलं बघायला गेलात आणि रस्ता मोकळा दिसला तरी.